अँथुरियम, पीस लिली की ऑर्किड? आधी खिडकी बघा

नर्सरीत तिन्ही रोपं फुललेलीच असतात, त्यामुळे फुलाला भुलून घेऊ नका. भर दुपारी कुंडीच्या जागी हात धरून बघा. सावली जेमतेम जाणवत असेल तर पीस लिली घ्या. सावलीच्या कडा पुसट, पण हाताचा आकार ओळखू येत असेल तर अँथुरियम किंवा ऑर्किड जमेल.

समोरच्या बिल्डिंगने उजेड अडवलेल्या खोलीतही पीस लिली तग धरते, फुलं मात्र मोजकी येतात. तहान लागली की ती मान टाकते आणि पाणी मिळताच काही तासांत उभी राहते. माती ओली असूनही पानं लोळत असतील तर मुळं कुजली आहेत. अशा वेळी आणखी पाणी घालणं म्हणजे उरलीसुरली मुळंही घालवणं.

पूर्वेची खिडकी असेल तर आमचा कौल अँथुरियमला. लाल ‘फूल’ हे खरं तर रंगीत पान. बारीक खरी फुलं मधल्या दांड्यावर असतात. म्हणूनच ते ६ ते ८ आठवडे टिकतं. कोवळं ऊन चालतं, पश्चिमेच्या उन्हात पानं भाजतात. घात करते ती नर्सरीतली लाल माती. पावसाळ्यात ती घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. २ भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, १ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग कोळशाचे तुकडे आणि मूठभर गांडूळखत असं मिश्रण करा. कुंडी आधीच्या कुंडीपेक्षा इंच-दोन इंचच मोठी घ्या. मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते.

फॅलेनॉप्सिस या प्रकारच्या ऑर्किडची फुलं दोन-तीन महिने राहतात. अडतं ते दुसऱ्या बहराला. फुलांचा नवा दांडा फुटायला काही आठवडे गारवा लागतो. तापमान सतत २८ अंशांवर राहिलं तर नुसती पानंच येतात. मुंबईत ही संधी डिसेंबर ते फेब्रुवारी एवढीच, तेव्हा रात्री कुंडी उघड्या खिडकीजवळ ठेवा. एसीचा झोत अंगावर आला तर कळ्या गळतात. मुळं चंदेरी दिसली की पाणी द्या, हिरवी असताना नाही. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर टिपून घ्या, नाहीतर गाभा कुजतो.

जून ते सप्टेंबर खत जवळजवळ बंद ठेवा आणि बशीतलं पाणी रोज ओता. डास तिथेच अंडी घालतात. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर ऑर्किडच बरं. बाकी दोघांची पानं चावली तर तोंडाची आग होते.