कर्कवॉलच्या गेस्टहाऊसमधला नाताळ: चार स्टार, एक खिडकीसाठी कापला

आधीच सांगते, नुसत्या खोलीला मार्क द्यायचे तर तीनच. गादी मस्त, पण बाथरूम गारठलेलं, हीटिंग टायमरवर आणि तो टायमर रात्री दहाला जो बंद होतो तो सकाळी सहाशिवाय सुरू होत नाही, वायफाय हवं तर जिन्यात जाऊन उभं राहायचं. तरी चार देतेय, आणि ते पूर्णपणे घरमालकीणबाईंसाठी. डिसेंबरात ऑर्कनीला, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेच्या बेटांवर (कर्कवॉल तिथलंच गाव), जाताय तर चादरी-टॉवेल नंतर बघा, ज्यांच्या घरी उतरताय त्यांना वारा कळतो का ते आधी बघा.

आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि पुण्याहून आलेली आई. २२ तारखेला स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या स्क्रॅब्स्टर बंदरातून फेरी होती, ग्लासगोहून पहाटेपासून गाडी हाणत वरपर्यंत पोचलो आणि मेसेज आला, कॅन्सल. बाईंना घाबरत फोन केला कारण बुकिंग नॉन-रिफंडेबल होतं, तर त्यांना आमच्याआधीच माहीत होतं. म्हणाल्या, आज तिथेच जवळ थर्सो गावात झोपा, वारा रात्रीतून फिरतोय, उद्या संध्याकाळची बोट नक्की निघेल, आणि आजच्या रात्रीचे पैसे मी घेणार नाही. खरंच घेतले नाहीत. आणि बोट पण संध्याकाळचीच निघाली, सकाळची त्यांनी म्हटल्याप्रमाणे रद्द.

दीड तासाचा प्रवास आहे फक्त, पण तो पेंटलंड फर्थ नावाच्या सामुद्रधुनीतून. एका बाजूने अटलांटिक, दुसऱ्या बाजूने नॉर्थ सी, भरती-ओहोटीचा ओढा जबरदस्त आणि त्याच्या उलट वारा सुटला की पाणी नुसतं उभं राहतं. आई वरंधा घाटात एसटीच्या मागच्या सीटवर बसून आयुष्य काढलेली, तिला काही झालं नाही, उलट ती मला आवळासुपारी देत होती. माझं काय झालं ते लिहीत नाही.

आता खिडकी. आमची खोली तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूची, फोटोत मोठी खिडकी बघूनच घेतलेली. २४ ला सकाळी ठाकठूक ऐकून उठलो तर बाहेरून खिडकीवर आडव्या जाड फळ्या ठोकणं चालू! वादळासाठी असेल असं आम्हाला वाटलं, तर नाही, ते 'बा' नावाच्या खेळासाठी. नाताळाच्या दिवशी आणि १ जानेवारीला कर्कवॉलच्या रस्त्यांवर चामड्याच्या एका चेंडूसाठी अख्खं गाव एकमेकांच्या अंगावर पडतं, अप्पी विरुद्ध डूनी असे गावाचेच दोन गट, म्हणून रस्त्यातली दुकानं-घरं आधीच फळ्या ठोकून घेतात. सगळं मान्य, पण बुकिंग करताना एक ओळ लिहायला काय जातं? हा एक स्टार त्याचाच. नवरा म्हणाला सूर्य नऊला उगवून सव्वातीनला मावळतोय, खिडकी असून तरी काय बघणार होतीस. मुद्दा बरोबर आहे पण बाजू माझी घ्यायला हवी होती.

त्याच दिवशी आम्हाला साउथ रोनाल्डसे बेटावर जायचं होतं. तिथे जायला चर्चिल बॅरियर्सवरून जावं लागतं. १९३९ मध्ये जर्मन पाणबुडीने स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळात घुसून रॉयल ओक ही युद्धनौका बुडवली, त्यानंतर बेटांमधल्या समुद्राच्या वाटा बुजवायला काँक्रीटचे ठोकळे टाकून बांधलेले हे चार बांध, आता त्यांच्यावरून रस्ता जातो. बाईंनी नाश्त्याच्या टेबलावर भरतीचं वेळापत्रक उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, वारा आग्नेयेचा आणि भरती दुपारची, दोन नंबरच्या बांधावर पाणी येणार, बंद करतील, पलीकडे अडकाल तर ख्रिसमस ईव्ह गाडीत. पहिल्या बांधापलीकडच्या लॅम होम बेटापर्यंत जा, चॅपल बघा, बारापर्यंत परत या. आम्ही निमूट ऐकलं. इटालियन युद्धकैद्यांनी पत्र्याच्या दोन झोपड्या जोडून केलेलं ते चॅपल बघितलं आणि परतताना मागे बघितलं तर लाटा बांधावरून पलीकडे जात होत्या. दुपारी रेडिओवर आलंच, बॅरियर बंद. रात्री दिवे दोनदा गेले तर प्रत्येक खोलीत टॉर्च आणि गरम पाण्याची पिशवी आधीच ठेवलेली. म्हणजे हीटिंगचा टायमर बदलायचा नाही पण पिशवी द्यायची, असो.

जेवणाचं मला टेन्शन होतं कारण आई शाकाहारी. २५ ला बाहेर एकही ठिकाण उघडं नसतं, फेरीसुद्धा नसते, त्यामुळे घरी मिळेल तेच. बाईंनी आईसाठी वेगळं क्लॅपशॉट केलं, म्हणजे बटाटा आणि पिवळा सलगम भरपूर बटर घालून कुस्करलेला, आईने त्यावर डबीतली लसणाची चटणी घातली आणि मग बाईंनी पण घातली. बेअर नावाच्या जुन्या जातीच्या जवाचे बॅनॉक होते, तव्यावर भाजलेले, काळपट, जाडसर. आई म्हणाली ही भाकरीच आहे, फक्त थापायला कंटाळा केलाय. दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो येत नाही, तरी स्वयंपाकघरात तासभर काय बोलत होत्या देव जाणे.

एक वाजता सेंट मॅग्नस कॅथेड्रलसमोर चेंडू गर्दीत फेकला गेला आणि त्यानंतर आम्हाला तो दिसलाच नाही. दिसतात फक्त शे-दोनशे पुरुषांच्या पाठी आणि वर उठणारी वाफ. अप्पींनी चेंडू गावाच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत न्यायचा, डूनींनी बंदरात समुद्रात, वेळेची मर्यादा नाही. बाईंनी बजावलं होतं की भिंतीला टेकून उभं राहू नका, गर्दी सरकली की चेपाल, आणि गाडी आदल्या रात्रीच मागच्या गल्लीत लावायला लावली. बाईंच्या घरातले सगळे डूनी, त्यामुळे आई पण डूनी, पायात तीन मोजे घालून दोन तास ओरडत होती.

भाडं रात्रीचे ८५ पाउंड, नाश्ता धरून. नाताळात एवढ्यात ठीक आहे. जाणार असाल तर वरच्या मजल्यावरची मागची खोली मागा, एक जास्तीचं पांघरूण पहिल्याच रात्री मागून घ्या, आणि ऑफिस ज्या दिवशी सुरू होतंय त्याच्या आदल्या दिवसाची परतीची फेरी काढू नका. आम्ही काढली होती. बाईंनी बुकिंग बघून नुसती मान हलवली आणि एक दिवस अलीकडची घ्यायला लावली, मूळची रद्दच झाली नंतर.