जोडदिवा, दांडी आणि भोंगा: छोट्या बोटीच्या सिग्नल संचाचं परीक्षण

१२ मीटरपेक्षा लहान बोटीसाठीचा हा संच पुण्यातल्या एका दुकानात मिळतो. त्यात तीन वस्तू आहेत: नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर बसवायचा लाल-हिरवा एलईडी जोडदिवा, ६० सेंटीमीटरच्या दांडीवरचा पांढरा दिवा आणि गॅसच्या डब्यावर वाजणारा भोंगा. खडकवासल्याच्या पाण्याला टक्कर टाळण्याचे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम लागू नाहीत. पण संच घेणारे पुणेकर बोट ठेवतात मांडव्याला किंवा मुरुडला, म्हणून मोजमाप त्या नियमांनीच केलं.

जोडदिव्यात रंगीत काचेमागे पांढरा एलईडी बसवलेला नाही, लाल आणि हिरवे एलईडी वेगळे आहेत. हे चांगलं. जुन्या दिव्यात नुसता पांढरा एलईडी घातला की हिरवा निळसर दिसतो आणि लाल मंदावतो. या आकाराच्या बोटीचा बाजूचा दिवा १ सागरी मैलावरून, म्हणजे १.८५ किलोमीटरवरून दिसायला हवा. इतका उजेड इथे आहे.

घोळ आहे तो रंगांच्या कडेचा. लाल दिसला तर समोरच्याला कळतं की तुमची डावी बाजू त्याच्याकडे आहे, हिरवा दिसला तर उजवी, आणि दोन्ही दिसले तर तुम्ही थेट त्याच्या अंगावर येताय. प्रत्येक रंग ११२.५ अंशांत दिसायला हवा आणि नाकासमोरची मधली रेघ ओलांडल्यावर १ ते ३ अंशांत तुटायला हवा. हे गच्चीवरही तपासता येतं. दिवा स्टुलावर पक्का बसवा, मधल्या रेघेच्या सरळ रेषेत १० मीटर दोरी ताणा. त्या अंतरावर १ अंश म्हणजे साडेसतरा सेंटीमीटर, ३ अंश म्हणजे साधारण ५२. दोरीच्या टोकापासून लाल बाजूला सरकत गेलं की ५२ सेंटीमीटरच्या आत हिरवा नाहीसा व्हायला हवा. या नगात तो ७०पर्यंत अंधुक रेंगाळतो. झाकण उघडलं की कारण दिसतं: दोन रंगांमधली काळी पट्टी भिंगापर्यंत पोचतच नाही, त्या फटीतून हिरवा उजेड पलीकडे सांडतो. चकाकी नसलेली काळी टेप लावून पट्टी वाढवली की भागतं, पण हे काम कारखान्यात व्हायला हवं होतं.

पांढरा दिवा चहूबाजूंनी दिसणारा आहे आणि खोक्यावर ‘सर्व बोटींसाठी’ असं छापलंय. हे चूक आहे. इंजिनवर चालणाऱ्या छोट्या बोटीला असा दिवा चालतो, मात्र तो बाजूच्या दिव्यांपेक्षा किमान १ मीटर उंच हवा. ६० सेंटीमीटरची दांडी जोडदिव्याच्याच पातळीवर रोवली तर ती कमीच पडते. नुसत्या शिडावर चालताना तर हा दिवा लावूच नका. समोरून पांढरा आणि त्याखाली रंगीत दिसला की समोरचा तुम्हाला इंजिनची बोट समजतो आणि तुमच्याकडून तशाच वागण्याची अपेक्षा धरतो. शिडाला मागचा १३५ अंशांचा दिवा वेगळा घ्यावा लागेल.

वायर साध्या तांब्याची आहे. खाऱ्या हवेत ती आतून हिरवी पडते आणि मग दिवा लाटेगणिक मिचमिचतो. ती काढून कथलाचा मुलामा असलेली वायर घाला, तपकीर गल्लीत शोधलीत तर मिळेल. सांध्यावर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीटश्रिंक नळी चढवा. वायर दिव्यात शिरण्याआधी खाली झुकवून वर घ्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. शेवटी बोटीचा व्हीएचएफ रेडिओ चॅनेल १६ वर ठेवून दिवा चालू-बंद करून पाहा. दिवा लागताच खरखर वाढली तर दोष एलईडीच्या सर्किटचा. दिवा अँटेनापासून लांब हलवा नाहीतर परत करा. आमच्याकडच्या नगात खरखर नव्हती. भिंग अ‍ॅसिटोनने पुसू नका, पॉलिकार्बोनेट तडकतं.

भोंग्याचा आवाज खणखणीत आहे. उजवीकडे वळताना एक, डावीकडे दोन, इंजिन उलटं चालवताना तीन, शंका आली की झटपट किमान पाच, हे सगळे साधारण सेकंदाचे आखूड भोंगे तो व्यवस्थित देतो. धुक्यात मात्र दमतो. चालत्या इंजिन-बोटीसारखा इशारा द्यायचा तर दर दोन मिनिटांच्या आत ४ ते ६ सेकंदांचा एक लांब भोंगा, म्हणजे तासाला किमान तीस. लांब वाजवलं की डबा गार पडतो, दाब उतरतो आणि सूर घसरत जातो. तोंडाने फुंकायचा भोंगा जोडीला ठेवाच. आणि डबा एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत टाकून घाट उतरू नका. ५० अंशांच्या वर तापू देऊ नये, असं त्याच्यावरच लिहिलंय.