डिजिटल की अपराइट?

भाचीला पियानो शिकायचाय आणि सांगलीची ताई दोन महिने यातच अडकलीय: नवा डिजिटल, म्हणजे विजेवर चालणारा, की जुना अपराइट, म्हणजे तारांचा उभा पियानो? ग्रँडचा, म्हणजे आडव्या मोठ्या पियानोचा, विचारच नको. लहानातला लहान घेतला तरी जवळपास 5 फूट लांब, म्हणजे हॉल त्यालाच द्यायचा.

खर्च नुसत्या किमतीचा नसतो. अपराइटमध्ये सव्वादोनशेच्या आसपास तारा, त्या वर्षातून दोनदा तरी सुरात लावून घ्याव्या लागतात. मिरजेत तंबोरे, सतारी घडवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण पियानोचा ट्यूनर बहुधा पुण्या-मुंबईहूनच बोलवावा लागणार. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, ते वेगळंच. डिजिटलला हा त्रास नाही. हेडफोन लावला की शेजारीही सुखी.

आणि कृष्णेचं पाणी? 2019चा महापूर अजून कोणी विसरलेला नाही. डिजिटल दोघं मिळून माळ्यावर नेतील. दोनशे किलोचा अपराइट कोण उचलणार?

मात्र हातोडी खऱ्या तारेवर पडते तेव्हाचा नाद स्पीकरमधून येत नाही, हे कबूल. शिवाय सांभाळला तर अपराइट डिजिटलपेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

तळमजला आणि नवशिकी मुलगी असेल, तर 88 वजनदार, म्हणजे दाबताना खऱ्या पियानोसारख्या जड लागणाऱ्या, पट्ट्यांचा डिजिटल घ्या. 61 पट्ट्यांचा कीबोर्ड नको. वरचा मजला, चार-पाच वर्षांचा रियाझ आणि ट्यूनरचा खर्च झेपत असेल, तर अपराइट.