मिग वेल्डिंगचे सेटिंग: दोन स्वतंत्र नॉब की सिनर्जिक यंत्र?

मिग वेल्डिंगमध्ये गॅसच्या आवरणाखाली सतत पुढे सरकणारी वायर विजेने वितळवून धातू जोडतात. त्याचे यंत्र निवडताना शेवटी प्रश्न येतो तो सेटिंग कोणी जुळवायचे याचा. साध्या यंत्रात व्होल्टेज आणि वायरचा वेग यांचे नॉब वेगळे असतात, तर सिनर्जिक यंत्रात वायरचा धातू, तिची जाडी आणि गॅस निवडला की उत्पादकाने साठवलेल्या तक्त्यानुसार एकाच नॉबने दोन्ही गोष्टी जोडीने बदलतात. ज्याच्या हातून दिवसभर वेगवेगळ्या जाडीची कामे जातात त्याने सिनर्जिक यंत्र घ्यावे आणि ज्याला एकाच प्रकारचा जॉब वारंवार करायचा आहे किंवा हे काम मुळापासून शिकायचे आहे त्याने दोन नॉबचे यंत्र घ्यावे, असे माझे मत आहे.

मिगचा वीजपुरवठा व्होल्टेज स्थिर ठेवतो, त्यामुळे करंट मुख्यतः वायरच्या वेगावर ठरतो, तर व्होल्टेजवर आर्कची (वायर आणि प्लेट यांमधल्या विजेच्या ठिणगीची) लांबी आणि टाक्याची (वितळून बसलेल्या धातूच्या पट्टीची) रुंदी अवलंबून असते. साध्या पोलादाला दर मिलिमीटर जाडीमागे सुमारे ४० अँपिअर हा ढोबळ हिशेब धरला, तर ३ मिलिमीटरच्या प्लेटला १२० अँपिअर लागतात. ०.८ मिलिमीटर वायरने तेवढा करंट मिळवायला मिनिटाला ६ मीटरच्या आसपास वेग ठेवावा लागतो आणि आर्गॉन व सीओटूच्या मिश्रणावर १८ ते १९ व्होल्टपासून सुरुवात करता येते.

दोन नॉबच्या यंत्रावर येथून पुढे कान आणि डोळे कामाला लागतात. वायरचा वेग तसाच ठेवून त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर व्होल्टेज अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने बदलत जावे. व्होल्टेज कमी असेल, तर वायर प्लेटला टोचते, टॉर्च (जिच्यातून वायर आणि गॅस बाहेर येतो ती हातातली नळी) मागे ढकलल्यासारखी वाटते आणि टाका दोरीसारखा उंच बसतो. ते जास्त असेल, तर तडतड थांबून फुसफुस ऐकू येते, टाका पसरट होतो, कडेला खाच पडते आणि कधी वायर कॉन्टॅक्ट टिपपर्यंत (टॉर्चच्या टोकाशी वायरला वीज देणाऱ्या छोट्या नळीपर्यंत) जळत जाऊन तिथेच चिकटते. या दोन टोकांच्या मध्ये अखंड, एकसारखी तडतड ऐकू आली की सेटिंग जुळले. हे शिकायला वेळ लागतो, पण एकदा कान तयार झाला की कोणत्याही यंत्रावर उपयोगी पडतो आणि माझ्या लेखी हा या यंत्राचा सर्वांत मोठा फायदा आहे.

सिनर्जिक यंत्रावर हेच काम जाडी निवडून एका नॉबने होते आणि १.५ मिलिमीटरच्या पत्र्यावरून ५ मिलिमीटरच्या अँगलवर जाताना वाचणारा वेळ खरोखर मोठा असतो. मात्र त्याचा तक्ता काही गोष्टी गृहीत धरतो. यंत्रावर मिश्रण निवडलेले असताना सिलिंडर शुद्ध सीओटूचा जोडला, तर तक्ता देतो त्यापेक्षा साधारण एक ते दोन व्होल्ट जास्त लागतात आणि तेवढे न मिळाल्यास शिंतोडे वाढतात. म्हणून अशा यंत्रावर व्होल्टेज थोडे वरखाली करण्याची सोय आणि आपल्या गॅसचा स्वतंत्र पर्याय आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहावे. सांधा कसा आहे हेही तक्त्याला कळत नाही. टी-सांध्यात उष्णता तीन दिशांनी पसरते, त्यामुळे त्याच जाडीच्या समोरासमोरच्या सांध्यापेक्षा तिथे अधिक करंट द्यावा लागतो.

टॉर्चचे अंतर मात्र दोन्ही यंत्रांवर हातातच राहते. टिपेबाहेर निघालेली वायर १० ते १२ मिलिमीटर असायला हवी. ती २० पर्यंत गेली, तर नॉब जागेवर असूनही करंट उतरतो आणि बरेचदा दोष सेटिंगला दिला जातो. गॅसचा प्रवाह बंदिस्त जागेत मिनिटाला १० ते १५ लिटर पुरतो; त्याहून बराच वाढवला, तर नोझलपाशी भोवरे होऊन हवा आत ओढली जाते आणि टाक्यात छिद्रे पडतात.

टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलणारी जुन्या पद्धतीची ट्रान्सफॉर्मर यंत्रे स्वस्त आणि टिकाऊ असतात. त्यांवर मधले व्होल्टेज मिळत नसल्याने जवळचा टप्पा निवडून बारीक जुळवणी वायरच्या वेगाने करावी लागते.

५-६ मिलिमीटरपेक्षा जाड प्लेटवर मात्र दोन्ही प्रकारांची यंत्रे सारखीच फसवू शकतात, कारण कमी व्होल्टेजच्या तडतडत्या आर्कने वरून सुबक दिसणारा टाका खालच्या धातूत मुरलेलाच नसतो. अशा कामाआधी त्याच जाडीचा टी-सांधा एका बाजूने जोडून, आडवा कापून, काप घासून गुळगुळीत करावा आणि टाका दोन्ही प्लेटच्या मुळापर्यंत वितळून मिसळला आहे की टाका आणि प्लेट यांच्या मध्ये बारीक काळी रेघ उरली आहे, हे पाहावे. रेघ दिसली, तर वायरचा वेग आणि व्होल्टेज दोन्ही वाढवून नवा तुकडा जोडून पुन्हा कापावा.