पत्त्यावरून सेन्सस ट्रॅक्ट शोधताना: सेन्सस जिओकोडर आणि क्यूजीआयएस

न्यू जर्सीतल्या एडिसन परिसरातील एका लहान फूड पॅन्ट्रीत, म्हणजे गरजूंना धान्य देणाऱ्या केंद्रात, मी आठवड्यातून एकदा स्वयंसेवक म्हणून जातो. गेल्या हिवाळ्यात केंद्राला अनुदानासाठी अर्ज करायचा होता आणि त्यात दिसायला साधा असा एक प्रश्न होता: धान्य नेणारी कुटुंबे कोणत्या सेन्सस ट्रॅक्टमध्ये, म्हणजे जनगणनेसाठी आखलेल्या कोणत्या लहान क्षेत्रात, राहतात? आमच्याकडे काही शे पत्ते होते, पण ट्रॅक्ट एकाचाही ठाऊक नव्हता. या कामासाठी मी अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोची (जनगणना खात्याची) जिओकोडर ही पत्त्यावरून स्थान शोधणारी मोफत सेवा आणि क्यूजीआयएस हे मुक्त नकाशा-सॉफ्टवेअर अशी दोन साधने वापरली. त्या वापरावरून हे परीक्षण लिहीत आहे.

झिपकोड असताना ट्रॅक्ट कशाला, असे आमच्या केंद्रातही विचारले गेले. ओक ट्री रोडवर साड्या, मिठाई आणि किराणा घेत फिरणाऱ्या मराठी माणसाला याचे उत्तर पायाखालीच सापडते. हा रस्ता एडिसनमधून आयझलिनमध्ये जातो, आणि आयझलिन हे टपालाच्या पत्त्यातले नाव असले तरी तो भाग वुडब्रिज टाउनशिपमध्ये मोडतो. झिपकोड टपालवाटपाच्या सोयीसाठी आहे, लोकवस्ती मोजण्यासाठी नाही. ट्रॅक्ट मात्र मोजणीसाठीच आखलेला असतो: साधारण १,२०० ते ८,००० लोकांचा आणि शक्यतो ४,००० च्या आसपासचा. न्यूयॉर्क शहरातील वस्त्यांमध्ये एका जनगणनेपासून दुसऱ्या जनगणनेपर्यंत काय बदलले हे पाहता यावे म्हणून वॉल्टर लेडलॉ यांनी १९०६ मध्ये अशा कायमस्वरूपी लहान क्षेत्रांची कल्पना मांडली आणि १९१० च्या जनगणनेत ती आठ शहरांत वापरली गेली. पुण्या-मुंबईच्या वाचकांना महापालिकेच्या प्रभागरचनेमुळे ‘प्रगणक गट’ हा शब्द परिचित असेल. ट्रॅक्ट हा आकाराने त्याहून बराच मोठा, पण त्याच कुळातला.

जिओकोडरचे संकेतस्थळ अगदी रूक्ष आहे. नाव नोंदवावे लागत नाही, पैसे पडत नाहीत आणि जाहिरातीही नाहीत. एका ओळीत पत्ता लिहून ‘जिऑग्रफीज’चा पर्याय निवडला की काही क्षणांत अक्षांश-रेखांश, राज्य, काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग), ट्रॅक्ट आणि ब्लॉक (ट्रॅक्टमधला सर्वांत लहान तुकडा) यांचे क्रमांक मजकुराच्या रूपात समोर येतात. जिओआयडी नावाचा पंधरा आकडी क्रमांक वाचायला एकदा शिकले की पुढचे सोपे जाते: पहिले दोन आकडे राज्याचे, नंतरचे तीन काउंटीचे, पुढचे सहा ट्रॅक्टचे आणि शेवटचे चार ब्लॉकचे. न्यू जर्सीचा क्रमांक ३४ आणि मिडलसेक्स काउंटीचा ०२३, त्यामुळे आमच्या बहुतेक पत्त्यांची सुरुवात ३४०२३ ने झाली.

या सेवेचे मोठे बलस्थान म्हणजे एका फाइलमधून दहा हजारांपर्यंत पत्ते एकदम पाठवता येतात. फाइलमध्ये अनुक्रमांक, घरक्रमांकासह रस्ता, शहर, राज्य आणि झिपकोड एवढेच रकाने लागतात. कुटुंबांची नावे पाठवावी लागत नाहीत, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटली. आम्ही नावांची यादी केंद्राच्या संगणकावर ठेवली आणि पत्त्यासोबत आपण दिलेला अनुक्रमांक तेवढा पुढे पाठवला.

मिळणारे अक्षांश-रेखांश कुठून येतात हे मात्र वापरणाऱ्याने समजून घेतले पाहिजे, कारण ही सेवा घराच्या छपरावर बोट ठेवत नाही. ब्युरोकडील घरपत्त्यांची मूळ यादी कायद्याने गोपनीय आहे. जिओकोडर वापरतो ते टायगर या रस्त्यांच्या माहितीसाठ्यातील घरक्रमांकांचे पल्ले. रस्त्याच्या एका तुकड्याच्या एका बाजूला १०० ते १९८ असे सम क्रमांक नोंदलेले असतील, तर १२० क्रमांकाचे घर त्या तुकड्याच्या सुमारे एक पंचमांश अंतरावर आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तिथे पहिली तीन घरे मोठ्या आवारांची असली तर बिंदू थोडा सरकतो. ट्रॅक्ट चांगला ऐसपैस असल्याने बहुधा त्याने काही बिघडत नाही. परंतु ट्रॅक्टची हद्द पुष्कळदा रस्त्यावरूनच जाते आणि समोरासमोरची दोन घरे दोन ट्रॅक्टांत पडतात. अशा ठिकाणी उत्तरातील डावी-उजवी बाजू सांगणारे अक्षर न चुकता पाहावे.

सेवेवर माझा खरा आक्षेप ‘बेंचमार्क’ आणि ‘व्हिंटेज’ या दोन यादीपेट्यांवर (ड्रॉपडाउनवर) आहे. सगळ्या कामाचा कस त्यांच्यात आहे, पण नवख्या माणसाला त्या शोभेच्या वाटतात. पत्ता कोणत्या काळच्या रस्तेमाहितीत शोधायचा हे बेंचमार्क ठरवतो, तर कोणत्या काळच्या हद्दी लावायच्या हे व्हिंटेज ठरवतो. दर दहा वर्षांनी हद्दींची फेरआखणी होते आणि लोकसंख्या फार वाढली की एका ट्रॅक्टचे दोन केले जातात. म्हणजे जुना १८ क्रमांकाचा ट्रॅक्ट १८.०१ आणि १८.०२ होतो. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या ब्युरोच्या नियमित सर्वेक्षणाच्या २०१५ ते २०१९ या पाच वर्षांच्या आकडेवारीला २०१० च्या हद्दी आहेत आणि २०१६ ते २०२० च्या आकडेवारीला २०२० च्या. व्हिंटेज चुकले तरी उत्तर येतेच, आणि ते बिनचूक दिसते, हीच अडचण आहे. कनेक्टिकटमध्ये तर २०२२ पासून आठ काउंट्यांच्या जागी नऊ नियोजन प्रदेश धरले जाऊ लागले, त्यामुळे तिथे जिओआयडीचा मधला भागच बदलला. दोन्ही पेट्यांशेजारी दोन ओळींचे स्पष्टीकरण असते, तर सेवा कितीतरी अधिक उपयोगी झाली असती.

जिओकोडरच्या उत्तरासोबत नकाशा येत नाही, म्हणून पडताळणीसाठी क्यूजीआयएस घेतले. न्यू जर्सीच्या ट्रॅक्टांची शेपफाइल (हद्दींची नकाशा-फाइल) ब्युरोच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते. ती पडद्यावर टाकायची, खाली ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाचा थर ठेवायचा, वर पत्त्यांचे बिंदू आणायचे आणि स्थानानुसार माहिती जोडणारे साधन चालवायचे, एवढेच काम आहे. मात्र ते पहिल्याच दिवशी सुरळीत होईल असे मी कुणाला सांगणार नाही. जिओकोडरच्या निकालात रेखांश आणि अक्षांश एकाच रकान्यात, स्वल्पविरामाने जोडून येतात. ते वेगळे करताना मी अदलाबदल केली आणि आमची सारी लाभार्थी कुटुंबे अंटार्क्टिकावर जाऊन बसली. रेखांश म्हणजे एक्स आणि अक्षांश म्हणजे वाय, हे त्यानंतर मला कुणी सांगावे लागले नाही.

दुसरी चूक अधिक कपटी निघाली. स्प्रेडशीट आकड्यांच्या सुरुवातीचे शून्य गाळते. न्यू जर्सीचे झिपकोड शून्याने सुरू होतात, त्यामुळे ०८८२० चा ८८२० झाला. ००१८०२ हा ट्रॅक्ट नुसता १८०२ उरला, आणि तुकडे जोडून बनवलेला जिओआयडी कशाशीच जुळेना. फाइल आत घेताना रकान्यांचा प्रकार आपोआप ओळखण्याची खूण काढून टाकली आणि सगळे रकाने मजकूर म्हणून घेतले, तेव्हा जोडणी झाली. क्यूजीआयएसमध्ये सोयी भरपूर आहेत, पण मेनू इतके दाट आहेत की हवे ते साधन सापडेपर्यंत चहा निवतो.

एकच पत्ता पाहायचा असेल, तर क्यूजीआयएसच्या वाटेला जाऊ नये. जिओकोडर पुरेसा आहे. दहा-वीस पत्त्यांनाही तोच पुरतो. शेकड्यांनी पत्ते असतील आणि त्यांवर कुणाचे पैसे अवलंबून असतील, तर मात्र बिंदू नकाशावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा पुढे पाठवू नये. जिओकोडरला मी पाचपैकी चार गुण देईन, एक गुण त्या दोन यादीपेट्यांसाठी कापून. क्यूजीआयएसलाही चारच, तिथला एक गुण शिकण्यात गेलेल्या शनिवार-रविवारचा.

जे पत्ते ‘टाय’ म्हणून, म्हणजे एकाहून अधिक ठिकाणांशी सारखेच जुळल्याने, परत आले, त्यांत बहुधा रस्त्याच्या नावातले नॉर्थ किंवा साउथ लिहायचे राहिले होते. कुटुंबांना विचारून ते भरले आणि दुसऱ्या फेरीत ते जुळले. जे अजिबात जुळले नाहीत, त्यांतील नव्या इमारती मी नकाशावर हाताने शोधून ट्रॅक्ट टिपला. पोस्टाच्या पेटीचा क्रमांक हाच पत्ता म्हणून दिलेली मोजकी कुटुंबे राहिली. पेटीवरून घर कळत नाही आणि राहण्याचे ठिकाण सांगायला ती तयार नव्हती, म्हणून अर्जात त्यांची संख्या आम्ही वेगळ्या ओळीत, ट्रॅक्टचा रकाना कोरा ठेवून लिहिली.