तीन चिंचोक्यांचा नियम: ड्युअल-क्लासच्या आमच्या घरच्या नियमांचा आठ महिन्यांचा अनुभव

एडी अँड डी (अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतील ड्युअल-क्लासचा, म्हणजे पात्राने एक पेशा (क्लास) सोडून दुसरा धरण्याचा, नियम आम्ही मार्चमध्ये पुस्तकात आहे तसा, पात्रतेची अट तेवढी सोडून बाकी एक अक्षरही न बदलता वापरायला घेतला आणि दुसऱ्याच बैठकीत आमचा क्लेरिक (पुजारी पात्र) गेला. त्याला मारले ते घूलांनी, म्हणजे मढी खाणाऱ्या राक्षसांनी. पण त्याला वाचवू शकणारा एकमेव माणूस पाठीवर तलवार बांधून चार पावलांवर उभा होता आणि त्याचा खेळाडू वहीत पेन्सिलीने वजाबाकी करत होता. घूलाच्या स्पर्शाने लुळा पडलेला क्लेरिक जमिनीवर, समोर दोन घूल आणि टेबलावर जवळजवळ दहा मिनिटे शांतता, असे ते दृश्य डीएम (खेळ चालवणारा) म्हणून मला अजून आठवते. शेवटी त्याने काठीच उगारली, फासा चुकला आणि क्लेरिकचा खेळाडू आपला चहाचा कप घेऊन गॅलरीत जाऊन बसला.

ती वजाबाकी काय होती, ते सांगतो. आमचा हा माणूस चौथ्या लेव्हलचा फायटर (योद्धा) होता आणि ८,००० एक्सपी (अनुभवाचे गुण) पूर्ण झाल्यावर त्याने मेज (जादूगार) व्हायचे ठरवले. छापील नियमानुसार नव्या क्लासची लेव्हल जुन्या क्लासच्या पुढे जाईपर्यंत त्याने जुने कौशल्य वापरले, तर त्या चकमकीचे त्याचे सगळे एक्सपी बुडतात आणि शिवाय संपूर्ण साहसाचे निम्मे कापले जातात. हल्ल्याच्या फाशाचा त्याचा मूळ आकडा मेज म्हणून २० होता, फायटर म्हणून १७; आकडा जितका लहान, तितका वार लागणे सोपे. त्या साहसात त्याच्या वाट्याला १,८०० एक्सपी यायचे होते. म्हणजे तलवार उपसण्याची किंमत किमान ९००. आमच्या गतीने ९०० एक्सपी म्हणजे एक अख्खा शनिवार. मित्राचा जीव की एक शनिवार, असा प्रश्न नियमानेच विचारला होता आणि त्याने नियमाला धरून उत्तर दिले, म्हणून त्याला दोष देणे मला जड जाते.

त्या रात्री दोघांनी सुचवले की नवी आवृत्ती घ्यावी. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ड्युअल-क्लास हा प्रकारच मोडीत काढला आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दोन्ही क्लासांच्या मुख्य गुणांत (ताकद, बुद्धी वगैरेंत) १३ असले की पुरते, हे मलाही ठाऊक आहे. परंतु १९९५ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या छपाईची माझी दोन्ही पुस्तके जुन्या पुस्तकांच्या व्यवहारात पावणेतीन हजार रुपयांना मिळाली आहेत, त्यांपैकी एकाची शिवण मी स्वतः दाभण घेऊन पुन्हा घातली आहे आणि एका परिच्छेदासाठी तीन नवी पुस्तके विकत घेण्याची माझी तयारी नाही. परिच्छेद बदलणे फुकट पडते.

पात्रतेची अट आम्ही पहिल्याच दिवशी सैल केली आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मूळ अट अशी, की पात्र मनुष्य असावे, जुन्या क्लासच्या मुख्य गुणात किमान १५ आणि नव्याच्या मुख्य गुणात किमान १७ असावेत. गुण तीन फाशांच्या बेरजेने ठरतात आणि त्यांवर १७ किंवा त्याहून अधिक पडण्याची शक्यता २१६ मध्ये ४, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. इतकी अरुंद वाट ठेवायची, तर नियम छापायचा कशाला? आम्ही १३ आणि १५ केले. आठ महिन्यांत त्याने काहीही बिघडले नाही.

खरा प्रश्न दंडाचा होता. क्लेरिकच्या अंत्यविधीनंतर, अर्थात खेळातल्या, आम्ही ठरवले की जुने कौशल्य वापरले तर त्या चकमकीचे एक्सपी निम्मे मिळतील आणि साहसाच्या एकूण एक्सपींना हात लागणार नाही. एप्रिलमध्ये कोणी विचारले असते, तर या बदलाला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. टेबलावरची शांतता गेली, तलवार म्यानातून बाहेर आली आणि क्लेरिकच्या खेळाडूने नवे पात्र आणले.

मे संपेपर्यंत मात्र माझे मत फिरले. मागच्या नोंदी चाळताना लक्षात आले, की नव्या नियमानंतरच्या सोळा चकमकींपैकी तेरांमध्ये आमचा मेज फायटर म्हणूनच लढला होता. पहिल्या लेव्हलच्या मेजला दिवसाला एकच मंत्र मिळतो. तो सकाळी खर्च करायचा आणि दिवसभर तलवार चालवायची, निम्मे एक्सपी तर कुठे गेले नाहीत. जुने हात विसरून नवी विद्या शिकणारा माणूस ही जी मूळ नियमामागची कल्पना होती, तीच आम्ही मारून टाकली होती. दंड इतका स्वस्त केला, की तो भाड्यासारखा वाटू लागला आणि भाडे भरणाऱ्याला कोणी उठवत नाही. माझ्या स्वतःच्या नियमाचा मला राग आला, हे कबूल करतो.

तिसरा प्रयोग जूनमध्ये सुरू झाला आणि आजतागायत टिकला आहे. प्रत्येक साहसाच्या आरंभी ड्युअल-क्लास पात्राला तीन चिंचोके द्यायचे. एका चकमकीत जुने कौशल्य वापरायचे असेल, तर एक चिंचोका टेबलाच्या मध्यभागी ठेवायचा. त्या चकमकीचे एक्सपी पूर्ण मिळतात. चिंचोके संपले की पुस्तकातला मूळ दंड, साहसाच्या निम्म्या एक्सपीसकट, जसाच्या तसा लागू. कोणीतरी प्लास्टिकच्या रंगीत चकत्या मागवू म्हणत होते, त्यांची किंमत ऐकून मी स्वयंपाकघरातल्या चिंचेच्या बरणीकडे वळलो.

या नियमाने इतका आनंद दिला, की मला त्याचे आजही आश्चर्य वाटते. चिंचोका टेबलावर टक् करून पडला, की सगळे सरसावून बसतात. आमचे साहस तीन-चार शनिवार चालते, तेव्हा पहिल्या दोन शनिवारी तो कंजूषपणे काठी आणि मंत्रावर भागवतो आणि तलवार खरोखरच निकडीच्या वेळी निघते. तसाच घूलांचा प्रसंग ऑगस्टमध्ये पुन्हा आला, तेव्हा वही उघडली गेली नाही. त्याने शेवटचा चिंचोका सरकवला आणि फासा उचलला. क्लेरिकचा खेळाडू ‘मागच्या वेळी हे सुचलं असतं तर’ एवढेच म्हणाला.

आता ज्या मुद्द्याने माझी झोप घालवली, तो सांगतो: चकमक संपते कधी? पुस्तक हा शब्द सहज वापरते, पण चिंचोका चकमकीमागे एक असल्यामुळे तिची सीमा आमच्याकडे रुपयाइतकी मोलाची झाली. जुलैतल्या एका शनिवारी ऑर्क पळाले, आमच्यांनी पाठलाग केला, पुढच्या दालनात त्यांना आणखी चार ऑर्क मिळाले आणि तिथे तलवार पुन्हा चालली. ही एकच चकमक की दोन? या प्रश्नावर आम्ही चाळीस मिनिटे घालवली. पोहे गार झाले, घरमालकांचा फोन येऊन गेला. एक जण म्हणे शत्रू तेच, म्हणून चकमक एकच; दुसरा म्हणे दालन बदलले की चकमक बदलली; तिसऱ्याचा मुद्दा असा, की दार उघडे होते. मग मी पुस्तकातल्याच कालगणनेचा आधार घेतला. दुसऱ्या आवृत्तीत एक राउंड म्हणजे एक मिनिट आणि दहा राउंड म्हणजे एक टर्न. म्हणून आमचा नियम: इनिशिएटिव्ह (लढाईत आधी कोण, ते ठरवणारा फासा) न फेकता संपूर्ण एक टर्न गेला, तरच चकमक संपली. दालने, दारे, शत्रूंचे नातेसंबंध यांचा काहीही संबंध नाही. हे एक वाक्य मी पुस्तकाच्या आतल्या पानावर चिकटवले आहे आणि आमच्या सगळ्या नियमांत ते सर्वांत उपयोगी आहे, असे माझे ठाम मत आहे.

चिलखताचा वाद त्याच्याच पोटातला. मंत्र म्हणायचा नसेल, तर साखळी चिलखत घालून चालायला काय हरकत आहे, असा आमच्या मेजचा युक्तिवाद होता. चिलखत वापरता येणे ही फायटरचीच देणगी असल्यामुळे ते अंगावर असताना झालेल्या प्रत्येक चकमकीला एक चिंचोका लागेल, असा निर्णय मी दिला. दोन शनिवारांत चिलखत विकले गेले.

हिट पॉइंटचा (पात्र किती मार सोसू शकते, त्या आकड्याचा) आमचा बदल फुकट गेला. मूळ नियमात जुन्या लेव्हलच्या पुढे जाईपर्यंत नवे हिट पॉइंट मिळत नाहीत. आम्ही दर लेव्हलला एक दिला. दुसरी, तिसरी, चौथी मिळून तीन. ३१ चे ३४ झाले. काढून टाकायला हवा होता, केवळ आळसाने राहिला.

या सगळ्या काळात मूळ नियमाबद्दलचा माझा राग मात्र उतरला आणि तो कागदावर हिशेब मांडल्यावर उतरला. मेजची पाचवी लेव्हल २०,००० एक्सपीला येते. तेवढे मिळवेपर्यंत आमच्यातला साधा फायटर ८,००० वरून २८,००० वर गेलेला असतो आणि फायटरची सहावी लेव्हल ३२,००० ला असल्याने तो पाचव्यातच अडकलेला असतो. म्हणजे एका बाजूला फायटर ५ आणि दुसऱ्या बाजूला फायटर ४ व मेज ५! सुरुवातीच्या लेव्हलना लागणारे एक्सपी जवळजवळ दुपटीने वाढत असल्यामुळे मागे वळून पुन्हा पहिलीपासून चढणे फारच स्वस्त पडते. फायटर म्हणून त्याला पुन्हा कधीही वाढता येणार नाही हे खरे, पण मधला खडतर काळ सोडला तर हा सौदा लुटीचा आहे. १९९८ च्या बॉल्डर्स गेट या संगणक-खेळातही जुनी कौशल्ये तेवढा काळ सरळ बंदच होतात; आमच्या गड्याने ही कल्पना तिथूनच उचलली होती आणि तिथे संगणकाशी वाद घालता येत नाही, हे तो सोयीस्करपणे विसरला होता. तेव्हा दंड हवाच. तो पुस्तकाइतका आंधळा नको, एवढेच माझे म्हणणे उरले आहे.

ऑक्टोबरमध्ये, चोविसाव्या बैठकीला, तो मेज ५ झाला. आता तलवार आणि मंत्र दोन्ही मोकळे; चिलखत घालून मंत्र म्हणता येत नाही, तेवढी अट राहिली. मिळालेला पहिलाच फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) त्याने एका लहानशा तळघरात टाकला, तो दुसऱ्या आवृत्तीच्या नियमाप्रमाणे जागा भरत बाहेर पसरला आणि आम्ही सगळेच होरपळलो.

चिंचोके त्याने परत केले. ते आता आमच्या थीफला (चोर पात्राला) हवे आहेत, कारण तिला क्लेरिक व्हायचे आहे. तिचे विस्डम (शहाणपण, क्लेरिकचा मुख्य गुण) १४ आहे आणि आमची सैल अटसुद्धा १५ ची आहे, त्यामुळे गेले दोन शनिवार ती अट आणखी एकाने उतरवण्यासाठी पोहे स्वतः करून आणते आहे. मी अद्याप होकार दिलेला नाही. शिवाय तीनपैकी एका चिंचोक्याला कीड लागली आहे आणि नवा काढायचा तर बरणी संपेपर्यंत थांबावे लागेल.