शाळेतला तास, बाहेरची सोबत की वाचनवर्ग?

शाळकरी मुलांसाठी स्वयंसेवक म्हणून काहीतरी करायचं ठरवलं की साधारण तीन वाटा समोर येतात. शाळेतच एका ठरलेल्या मुलाबरोबर आठवड्याला एक तास बसायचं. किंवा त्याच एका मुलाला शाळेबाहेर वेळ द्यायचा: ग्रंथालय, मैदान, गप्पा. किंवा दहा-बारा मुलांना एकत्र बसवून वाचन-गणित घ्यायचं. या तिन्हींना सरसकट ‘मेंटॉरिंग’ म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. तिसरी सरळसरळ शिकवणी आहे, दुसरी सोबत आहे आणि पहिली या दोन्हींच्या मधे कुठेतरी.

नवख्या माणसाला मी आधी शाळेतला तासच सुचवेन. जागा शोधायला नको, शिक्षक हाकेच्या अंतरावर, पालकांनाही काळजी नाही. मात्र हा तास कागदावरच साठ मिनिटांचा असतो. चाचण्या, स्नेहसंमेलन, सुट्ट्या यांत महिन्यातून एखादी भेट बुडतेच. आणि वेग? मी सातवीतल्या एका मुलाबरोबर बसायचे. अर्धा अधिक एक तृतीयांश, उत्तर दोन पंचमांश. वरच्या-वरच्यांची बेरीज, खालच्या-खालच्यांची बेरीज. मी छेद समान करून दाखवले, त्यानं मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन पंचमांश! चौथ्या भेटीत कागदाच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या केल्या. एकीची घडी अर्ध्यावर, दुसरीवर पाच सारखे भाग आखलेले. त्यानं त्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि म्हणाला, “हे तर अर्ध्यापेक्षा कमीच आलं.” लसावि कशाला लागतो, हे त्यानंतर त्यानंच विचारलं. चार आठवड्यांत एक बेरीज. एवढा धीर नसेल तर ही वाट घेऊ नका.

या पद्धतीचा मोठा अभ्यास 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. मुलांना स्वयंसेवक सोबती जोडून देणाऱ्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या संस्थेच्या शाळांमधल्या उपक्रमातल्या 1,139 विद्यार्थ्यांचा. पहिल्या वर्षाअखेर अभ्यासात सुधारणा दिसली, पण पुढच्या शैक्षणिक वर्षात ती बहुतांशी टिकली नाही. शाळेबाहेरच्या वागण्यावर तर फारसा परिणाम नव्हताच.

शाळेबाहेरच्या सोबतीचं चित्र जवळजवळ उलटं आहे. त्याच संस्थेच्या 1995 सालच्या अभ्यासात स्वयंसेवक मुलाला महिन्यातून सुमारे तीनदा, दर खेपेला तीन-चार तास भेटत. दीड वर्षानंतर अशा मुलांनी अमली पदार्थांना हात लावण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या तुलनेत 46 टक्क्यांनी कमी होतं. शाळा बुडवणंही घटलं होतं. गुणांमधला फरक मात्र किरकोळ. म्हणजे पोराचे मार्क वाढावेत म्हणून ही वाट धरणाऱ्याच्या पदरी निराशाच येणार.

आणि इथे एक धोका आहे, जो भरतीच्या बैठकीत सहसा कुणी बोलत नाही. याच माहितीचा जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या संशोधकांनी 2002 साली पुन्हा अभ्यास केला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमध्ये मुलांना सर्वाधिक फायदा झाला होता. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मात्र मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घसरला होता. शाळेतल्या तासाला निदान वर्षअखेरीचा निरोप आधीच ठरलेला असतो, मुलालाही तो माहीत असतो. बाहेरची सोबत सुटते ती बहुधा न आलेल्या फोनानं. बदली, परीक्षा, लग्न असं काही वर्षभरात दिसत असेल तर ही वाट आत्ता नकोच.

सुरक्षेचे नियमही इथे कडक हवेत. पालकांची लेखी संमती, तुमची पार्श्वभूमी तपासणी, बंद खोलीत दोघंच बसायचं नाही. एखादी संस्था यातलं काही न विचारता मूल सोपवत असेल तर तिथून निघा.

वाचनवर्गाला भावनिक ओझं सर्वात कमी आणि कष्टाचं फळही लवकर दिसतं. गुपित एकच, इयत्ता विसरायची. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, यांत मूल जिथे अडकलंय तिथे त्याला बसवायचं, मग ते पाचवीतलं का असेना. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेनं गावातल्या स्वयंसेवकांना असे वर्ग घ्यायला तयार केलं. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. वर्गाला आलेल्या मुलांचं वाचन स्पष्टपणे सुधारलं. पण आली किती? सुमारे 8 टक्के. त्यामुळे इथे शिकवण्याइतकंच दारोदार जाऊन मुलं गोळा करणं हे काम असतं, आणि शिकवायच्या हौसेनं आलेल्यांना नेमकं तेच आवडत नाही.

माझं मत विचाराल तर, सहा महिन्यांपुढचं सांगता येत नसेल तर वाचनवर्ग. एक शैक्षणिक वर्ष नक्की असेल तर शाळेतला तास. दोन वर्षं एकाच गावात राहणार असाल आणि निकाल मोजायची घाई नसेल, तरच बाहेरची सोबत. नाव नोंदवण्याआधी संस्थेला एवढं विचारा: मी मधेच सोडलं तर त्या मुलाला कोण, कधी आणि काय सांगणार? गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरी संस्था बघा.